दोन सेन्सर बदलून झाले, फॉल्ट निघाला वायरीत: उद्यमनगरच्या वायरमन मामांचा अनुभव

पाचपैकी पाच. आधी आकडा सांगून मोकळा होतो, कारण खाली लई लिहिणार आहे आणि सगळ्यांना एवढं वाचायला सवड असतेच असं नाही. पण ज्यांची गाडी तापली की बंद पडते, चेक इंजिनची लाईट लागते, गॅरेजवाला म्हणतो कॅम सेन्सर गेलाय आणि बदलला तरी आठ दिवसांत परत पहिले पाढे पंचावन्न, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.

दुकान कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. बोर्ड नाही, एक शटर, आत एक गाडी मावेल एवढीच जागा, बाकीच्या गाड्या रस्त्यावर. नाव आणि नंबर इथं टाकत नाही, कारण मी विचारलं तेव्हा मामांनी हात जोडले, "नाव नको टाकू भावा, हाय ती गर्दीच आवरंना." त्यांचा मान राखतो. उद्यमनगरात लेथवाल्यांच्या गल्लीत कुणालाही "मीटर लावून गाडीचं वायरिंग बघणारे मामा" असं विचारलं तर माणूस हातातलं काम थांबवून बोट दाखवतो, मलाही तसंच सापडले.

आता गाडीचं सांगतो. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलेंडर, मी सेकंड हँड घेतलेली. कंपनीचं नाव काढत नाही, दोष कंपनीचा नव्हताच. रोज कोल्हापूर ते कागल पंचतारांकित एमआयडीसी जाऊन येऊन करतो. जून संपता संपता सुरू झालं. सकाळी गाडी एका सेलला स्टार्ट, काही त्रास नाही. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर हायवेला लागली, इंजिन चांगलं तापलं की मधेच पिकअप सोडायची, पाय दाबला तरी पुढं सरकायची नाही, मग दोन किलोमीटरवर आपोआप नीट. नंतर नंतर सिग्नलला उभी केली की आयडलिंग खालीवर, आणि बंद करून लगेच सेल मारला तर दहा-बारा सेकंद नुसती कुंथायची. अर्ध्या तासानं थंड झाली की परत पहिल्यासारखी. आणि एक दिवस उचगावच्या पुलावर ऐन सहाच्या गर्दीत पूर्ण बंद. मागं ट्रक, वर पाऊस, गाडीत आई. आई काही बोलली नाही, फक्त दाराचं हँडल घट्ट धरून बसली होती. ते मी अजून विसरलो नाही. शेवटी एका टेम्पोवाल्यानं टोचन लावून खाली ओढून आणली.

त्यानंतर एका गॅरेजला दाखवली. कुठलं ते सांगायचं कारण नाही, शहरात असली पन्नास असतील. त्यांनी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड वाचणारं मशीन) लावला, पी ०३४० कोड आला, म्हणाले कॅमशाफ्ट सेन्सर गेला, लोकल टाकू. ९५० चा सेन्सर, ३०० मजुरी. कोड पुसला, लाईट गेली, मी खूश. नवव्या दिवशी परत लाईट. आता म्हणाले लोकलचं असंच असतंय साहेब, ओरिजिनल टाकायला पाहिजे. तो २,६५० चा. तोही टाकला. पाच दिवस नीट चालली आणि सहाव्या दिवशी तेच. मग म्हणाले ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला असणार, वीस हजाराच्या आसपास धरून चाला, नाहीतर टायमिंग चेन (क्रँक आणि कॅम जुळवून फिरवणारी साखळी) ताणली असेल, इंजिन खोलावं लागेल. त्या रात्री मला झोप नाही. वीस हजार ही आमच्याकडं सहज काढून द्यायची रक्कम नाही, आणि ते घालून तरी गाडी नीट होईल हे कोण सांगणार?

आमच्या कंपनीत मेंटेनन्सला एक पाटीलकाका आहेत, ते म्हणाले एकदा उद्यमनगरात जाऊन बघ, तो माणूस पार्ट विकत नाही, मोजून सांगतो. गेलो.

पहिल्या दिवशी गेल्या गेल्या मामांनी बॉनेट उघडलंच नाही. मला स्टुलावर बसवलं आणि वीस मिनिटं नुसतं विचारत होते. बंद कधी पडते, थंड असताना का तापल्यावर? पावसात जास्त होतं का? खड्ड्यात आदळली की होतं का? बंद पडताना झटक्यात पडते का धडपडत? आणि मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, सेल मारताना आरपीएमचा काटा हलतो का? मी म्हटलं हलतो, दोनशेच्या वर जातो. तर म्हणाले, "मग क्रँक सेन्सर जिता हाय. काटा मेल्यागत पडून राहिला असता तर आधी क्रँककडं बघितलं असतं." सगळ्याच गाड्यांत काटा असा बोलत नाही हेही त्यांनीच सांगितलं, पण जिथं बोलतो तिथं एक पैसा खर्च न करता निम्मी गोष्ट कळते. आधीच्या ठिकाणी हे कुणीच विचारलं नव्हतं.

मग त्यांनी कॅम सेन्सर असतो कशाला ते सांगितलं आणि मला पहिल्यांदा नीट कळलं. इंजिनचा क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन फेरे मारतो तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक फेरा होतो. क्रँक सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो की पिस्टन वर आलाय, पण पिस्टन तर दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर बाहेर ढकलायला. आता ह्यातली कुठली वेळ आहे हे फक्त कॅम सेन्सर सांगतो. ते कळलं की कॉम्प्युटर एक-तीन-चार-दोन ह्या क्रमानं पेट्रोल आणि ठिणगी बरोबर ठिकाणी सोडतो. सिग्नल गेला तर काही गाड्या क्रँकच्या जोरावर कशाबशा चालत राहतात पण स्टार्ट व्हायला वेळ खातात, काही तिथंच बंद पडतात. माझी दोन्ही करत होती.

सेन्सर म्हणजे तरी काय, माझ्या गाडीतला हॉल इफेक्टचा आहे, म्हणजे चुंबकातला फरक ओळखणारा. तीन वायरी, एकीत पाच व्होल्ट सप्लाय, एक अर्थ (बॅटरीच्या मायनसला जाणारी) आणि एक सिग्नल. कॅमवरच्या चाकाचा दात समोरून गेला की आतली चिप सिग्नल वायर अर्थला खेचते, दात गेला की सोडते, म्हणजे सिग्नल पाच-शून्य-पाच-शून्य असा उड्या मारत जातो. हा हॉल इफेक्ट एडविन हॉल नावाच्या अमेरिकन माणसानं १८७९ साली शोधला. तेव्हा असल्या मोटारी रस्त्यावर यायच्या होत्या, आणि आज त्याच गोष्टीवर आपल्या गाड्या पळतात. काही गाड्यांत दोन वायरींचा, नुसत्या कॉईल आणि चुंबकाचा सेन्सर असतो, त्याला सप्लाय लागत नाही, तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. हे आधी ओळखायला लागतं, कारण दोन वायरींचा असेल तर मीटरवर ओहममध्ये (रेझिस्टन्सच्या सेटिंगवर) कॉईल मोजता येते, तीन वायरीवाल्या हॉल सेन्सरला ओहम लावून काही कळत नाही, उलट भलताच निष्कर्ष निघतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मामांनी स्कॅनर लावला, तोच कोड, पी ०३४०. स्क्रीन माझ्याकडं फिरवली आणि म्हणाले, "वाच. काय लिवलंय?" मी वाचलं, कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर ए सर्किट. म्हणाले, "शेवटचा शब्द परत वाच." सर्किट. "सेन्सर गेलाय असं कुठं लिवलंय का? सर्किट म्हणजे सेन्सर, तीन वायरी, कप्लर (वायरी जोडायचा प्लग), अर्थ, कॉम्प्युटर आणि आत फिरणारं चाक, सगळं आलं. कोड म्हणतोय ह्या गल्लीत चोर हाय. घर कुठलं ते आपण शोधायचं." मी महिनाभर तो कोड बघत होतो, माझ्या स्वतःच्या मोबाईलवर सुद्धा, कारण मी मोबाईलवर कोड दाखवणारा एक स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी ॲडॉप्टर घेतला होता, तो स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचा. पण "सर्किट" शब्दाकडं कधी लक्षच गेलं नाही. (त्या ॲडॉप्टरबद्दल एवढंच, घ्या, कामाचा आहे, कोड आणि तापमान बघायला पुरतो, पण त्याच्या भरवशावर पार्ट मागवू नका.)

शेजारचे कोडही सांगितले, कामाला येतील म्हणून लिहितो. पी ०३४१ आला तर सिग्नल येतोय पण वेळेत बसत नाही. ०३४२ म्हणजे सिग्नल खालीच पडून राहिलाय, ०३४३ म्हणजे वरच अडकलाय, ०३४४ म्हणजे येतो-जातो. आणि पी ००१६ आला तर कॅम आणि क्रँक एकमेकांशी जुळत नाहीत, तिथं चेन ताणली आहे का, दात घसरलाय का हे बघायला लागतं. माझ्या गाडीत ००१६ कधीच आला नव्हता. म्हणजे चेन ताणली म्हणून इंजिन खोलायचं जे मला सांगितलं होतं त्याला काही आधारच नव्हता. हे ऐकून मला राग आला, खरंच आला.

कोड पुसायच्या आधी मामांनी फ्रीझ फ्रेम काढली. म्हणजे फॉल्ट झाला त्या क्षणाचा फोटोच समजा, कॉम्प्युटर तेव्हाचे आकडे धरून ठेवतो. इंजिन ९४ डिग्री, आरपीएम ७८०, वेग शून्य. वहीत पेननं लिहून घेतलं. प्रत्येक गाडीचं एक पान आहे त्या वहीत, ग्रीसचे डाग पडलेलं. म्हणाले, "तापल्यावर हुतंय, उभ्या गाडीत हुतंय. गाडी गार असताना सगळं बरोबरच दिसणार, तू उद्या कागलवरनं येताना सरळ हिकडं ये, वाटेत बंद करू नको." म्हणून दुसऱ्या दिवशी तापलेली गाडी घेऊन गेलो. सुरुवातीचं मोजमाप मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी गार गाडीवर केलं होतं, ते असं.

आधी बॅटरी. उभी असताना १२.५ व्होल्ट, सेल मारताना १०.४. ठीक आहे. बॅटरी ढिली असली की सेल मारताना व्होल्टेज कोसळतं आणि कॉम्प्युटर वेड्यासारखे कोड टाकतो, म्हणून पहिलं तेच. मग सेन्सरचा कप्लर काढला, टॉर्च मारून आत बघितलं, ऑईल नाही, पिना वाकलेल्या नाहीत. सेन्सरची ओ-रिंग (रबरी रिंग) गळकी असली तर ऑईल कप्लरात उतरतं, तेही बऱ्याच गाड्यांत होतं म्हणाले. सेन्सरचं तोंडही पुसून बघितलं, लोखंडाचा चुरा चिकटलेला नव्हता. मग चावी ऑन, इंजिन बंद. सप्लायच्या पिनेवर ५.०२ व्होल्ट. सिग्नलच्या पिनेवर कॉम्प्युटरकडून येणारे पाचाच्या जवळपास. अर्थच्या पिनेला मीटरची काळी सळई, लाल सळई बॅटरीच्या प्लसला, १२.४, म्हणजे अर्थही मिळतोय. सगळं पास. मामा म्हणाले, "बहुतेक जण हितंच थांबत्यात आणि सेन्सर बदलत्यात. कप्लर काढल्यावर अर्थवर लोडच नसतोय, करंटच वाहत न्हाई, मग त्यो चांगलाच दिसणार."

इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. आधीच्या ठिकाणी पोरानं बल्बवाला टेस्टर लावून ह्याच पिना तपासल्या होत्या. मामांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं, तो बल्ब खेचतो तेवढा करंट कॉम्प्युटरच्या पाच व्होल्टच्या सर्किटला सोसतोच असं नाही, पाचशे रुपयांचं काम वीस हजारावर न्यायचा तो रस्ता आहे. सेन्सरच्या वायरीवर फक्त डिजिटल मीटर. आणि वायरीत सुई टोचून भोक पाडायचं नाही, पावसाळ्यात त्या भोकातून पाणी जातं आणि सहा महिन्यांनी तांबं सडतं. ते स्वतः कप्लरच्या मागच्या बाजूनं, रबरी सीलच्या कडेनं बारीक पिन सरकवतात. मी बघितलं, हात अजिबात थरथरत नाही. पासष्टीच्या पुढचे असतील.

दुसऱ्या दिवशी खरा खेळ. मी साडेसहाला पोचलो, गाडी चालूच. त्यांनी कप्लर जोडलेलाच ठेवला, मागून तीन पिना सरकवल्या आणि एक हातात मावेल एवढा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं मशीन) लावला. नुसत्या मीटरवर चालत्या इंजिनचा सिग्नल नीट दिसत नाही, मीटर सरासरी काढून काहीतरी मधलाच आकडा दाखवतो. स्कोपवर मात्र चौकोनी लाट दिसते, किल्ल्याच्या तटासारखी, वर पाच, खाली शून्याला टेकलेली. पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून गेला. तापमान ९६. मग मामांनी लाकडी काठीनं (हातोड्याचा जुना दांडा आहे तो) वायरिंगची जाड दोरी कप्लरपासून मागं मागं हलवत नेली. इंजिनच्या मागच्या बाजूला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) काठी पोचली आणि लाटेचा तळ उचलला गेला.

हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो. वरची रेघ पाचवर तशीच, खालची रेघ ०.१ वरून १.३ वर आली. काठी अजून थोडी दाबली, तळ तीनच्या वर, आणि इंजिन धडधडायला लागलं, तेच ते माझं रोजचं धडधडणं. काठी काढली, सगळं परत नीट. मामांनी माझ्याकडं बघितलं पण नाही, मीटरची एक सळई बॅटरीच्या मायनसला आणि एक सेन्सरच्या अर्थच्या पिनेला लावली आणि परत काठी दाबली. तिथं ०.१ च्या आत पाहिजे, दिसले १.३. म्हणजे सेन्सर बिचारा सिग्नल खाली खेचतोय, पण त्याची स्वतःचीच अर्थ वर उचलली गेली, मग तो शून्यापर्यंत खेचणार कसा? कॉम्प्युटरला दात आला का गेला हेच कळत नव्हतं. दोन नवे सेन्सर त्याच आजारी अर्थवर बसवले होते.

मग वायरिंग सोडवलं. कंपनीची टेप कापडी असते, खरखरीत. कप्लरपासून साधारण वीतभर मागं अचानक गुळगुळीत प्लॅस्टिकची काळी टेप लागली, चिकटा सुटलेली, हाताला राळेसारखी चिकटणारी. माझ्या आधीच्या मालकाच्या वेळी कुणीतरी तिथं काम केलेलं. टेप उलगडली तर आत त्याच अर्थच्या तपकिरी वायरीचा जोड, नुसता पीळ मारलेला, ना सोल्डर ना स्लीव्ह. आणि तो पीळ हिरवागार. देवाची तांब्याची भांडी बरेच दिवस न घासता ठेवली की जशी पुटं चढतात तसा हिरवा-पांढरा भुगा, बोटानं चोळला तर गळून पडला आणि त्यासोबत चार तारा पण तुटल्या. इंजिन तापलं की तो जोड फुगून ढिला व्हायचा, गार झाला की परत टेकायचा. महिनाभराचा माझा सगळा ताप त्या दीड सेंटीमीटरमध्ये होता.

दुरुस्ती त्यांनी केली ती पण घाईगडबडीची नाही. बॅटरीचा मायनस काढला. दोन्ही बाजूंनी वायर कापत गेले, तांबं लाल चकचकीत दिसेपर्यंत. मधला तुकडा त्याच जाडीच्या नव्या वायरीचा टाकला, थोडा ढिला, ताण येऊ नये म्हणून. कैय्यानं सोल्डर, वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, ती गरम केली की आवळून बसते, कडेनं गोंद बाहेर येतो आणि पाणी आत जायचा रस्ताच बंद. वर कापडी टेप. आणि वायरिंग ज्या पत्र्याच्या ब्रॅकेटला घासत होतं तिथून दोन बोटं लांब बांधलं. मग परत स्कोप, परत पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालू, परत काठी. तळ शून्याला चिकटून.

आणि आता ऐका. मामा म्हणाले, "तुझा पहिला सेन्सर हाय का, कंपनीतनं आलेला?" होता, मी तो नव्याच्या डब्यात घालून डिकीत टाकला होता, का टाकला होता माहीत नाही. त्यांनी तो पुसून, ओ-रिंगला बोटानं थोडं ऑईल लावून परत बसवला आणि चाळीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं. लाट एकदम सुबक. दहा वर्षं चाललेला तो सेन्सर ठणठणीत होता. आज गाडीत तोच आहे, २,६५० वाला स्पेअर म्हणून पडलाय.

बिल किती? शोधायचे ६००, दुरुस्तीचे ४५०, एकूण १,०५०. आधी गेले होते त्यापेक्षा कितीतरी कमी. शोधायचे पैसे ते वेगळे सांगतात आणि ते आधीच सांगतात, ह्यावरून काही गिऱ्हाईकं वाद घालताना मी तिथंच बघितली, "काहीच बदललं नाही मग सहाशे कशाचे?" मला हे पटत नाही. पार्ट बदलणाऱ्याला आपण न विचारता पैसे देतो आणि जो तीन तास डोकं लावून पार्ट बदलू नको सांगतो त्याच्याशी घासाघीस करतो. ते सहाशे मी आनंदानं दिले, परत लागले तर परत देईन.

मी बसलो होतो तेव्हा एक पिकअप आली होती, दूधवाल्याची. तिच्यात पण कॅमचा कोड, सोबत अजून दोन-तीन सेन्सरचे. तिथं सप्लायच्या पिनेवर पाचऐवजी ०.८ व्होल्ट. मामांनी वायर शोधलीच नाही, त्याच पाच व्होल्टवर चालणारे बाकीचे सेन्सर एकेक करून कप्लर काढत गेले आणि मीटरकडं बघत राहिले. एसीच्या प्रेशर सेन्सरचा कप्लर काढला आणि मीटर टुणकन पाचवर. आतून शॉर्ट होऊन तो सगळ्यांचा सप्लाय खाली ओढत होता. दूधवाला म्हणाला एसी तर मी कधी लावतच नाही! खरंय, पण सप्लाय एकच असतो. तिथं कुणी कॅम सेन्सर विकला असता तर तोही वाया.

आता कमी काय ते पण लिहितो. वेळ लागतो. सकाळी टाकून दुपारी न्यायची सवय असेल तर इथं जमणार नाही, माझे दोन दिवस गेले, नंबर लागायला आधीचे चार. बसायला दोन स्टूल, पावसात छत्री धरून उभं राहायची पाळी येते. फोनवर अंदाज विचारला तर सांगत नाहीत, "गाडी न बघता काय सांगू" एवढंच, आणि ते बरोबर असलं तरी लांबून येणाऱ्याची पंचाईत होते. सोमवारी बंद. आणि इंजिन खोलायचं काम ते घेत नाहीत, चेनचा फॉल्ट निघाला तर तसं वहीच्या पानावर लिहून देतात आणि दुसरीकडं न्यायला सांगतात. हाताखाली एकच पोरगा आहे, त्यांचा पुतण्या, आयटीआय झालेला. तो मीटर लावताना मामा पाठीमागं हात बांधून उभे राहतात आणि चुकला तरी लगेच बोलत नाहीत, त्याला स्वतःला कळेपर्यंत थांबतात. हे बघायला मला फार बरं वाटलं, कारण हे शिकणारी पोरं कमी झालीत, स्कॅनर घेऊन कोड वाचणारी वाढलीत.

काम होऊन आता चार महिने झाले. उरलेला पावसाळा गेला, रोज कागल, वर एकदा गगनबावड्याला जाऊन आलो, घाटात धो धो पाऊस, दुसऱ्या गिअरवर इंजिन तापलेलं, आई शेजारी. गाडी एकदाही अडखळली नाही. परत येताना कळे गावाजवळ चहाला थांबलो, गाडी बंद केली, दहा मिनिटांनी सेल मारला, अर्ध्या सेकंदात चालू. आई म्हणाली, "झाली की रं नीट." तेव्हा तिनं दाराचं हँडल धरलेलं नव्हतं.

जाणार असाल तर एवढं करा. तापल्यावर होणारा फॉल्ट असेल तर गाडी तापलेली घेऊन जा, कोड आधी पुसू नका म्हणजे फ्रीझ फ्रेम राहते, बंद पडते तेव्हा काय काय होतं ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा, मामा विचारणारच. आणि कुणी सेन्सर बदलून दिला असेल तर जुना टाकू नका, डब्यासकट सोबत न्या.